रेघेपर्यंत भरलेली नळी

आमच्या कॅज्युअल्टीत नव्यानं लागलेल्या नर्सला पहिल्या आठवड्यात एकदा तरी रडवायचं, असा काही लॅब टेक्निशियन राजमणी अक्काचा नियम नव्हता; पण व्हायचं मात्र तसंच. नर्स बिचारी रक्त काढून निळ्या टोपणाची नळी वर लॅबमध्ये पाठवायची आणि पाच मिनिटांत अक्का तीच नळी घेऊन दोन जिने उतरून खाली हजर. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायची आणि विचारायची, "रेघ कुटं हाय?"

"थोडंसंच कमी आहे, अक्का."

"थोडंसं म्हंजे काय? रेघ वर हाय आन रक्त खाली हाय. पुन्ना काढ."

मग पेशंट कण्हायचा, नातेवाईक आवाज चढवायचे. रक्त विकता काय इथं, असंही एकानं विचारलं होतं. अक्कावर काही परिणाम नाही. दुसरी नळी रेघेपर्यंत भरेपर्यंत ती पलंगाच्या पायथ्याशी उभी. पोरगी डोळे पुसत बाहेर गेली की मी वैतागून म्हणायचो, "अक्का, जरा गोडीनं सांगितलं तर चालणार नाही का?" ती म्हणायची, "गोडीनं लई केलं डॉक्टर, आता बास."

या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

राजमणी अक्का सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील चादरीच्या मागावर, आई विड्या वळणारी, घरात तेलुगू आणि बाहेर आपलं सोलापुरी मराठी. अंगानं किरकोळ, केसांना घट्ट अंबाडा, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम चार पेनं आणि त्यातली तीन बंद पडलेली. लॅबमध्ये तिच्या नावाची एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर तिची पिशवी बसायची. अक्का चहासुद्धा उभ्यानं प्यायची. रक्त फिरवायचं मशीन चालू असलं की ही त्या टेबलाभोवती चकरा मारायची. बसा की जरा, म्हटलं तर म्हणायची, "बसलं की डोकं चालतं. चाललं की डोकं बसतं."

तिचा दुसरा आवडता शब्द 'एमो'. तेलुगूत 'कोण जाणे' म्हणायला हा शब्द. अक्का, पाऊस येईल का? एमो. अक्का, पगार वेळेवर होईल का? एमो. इथवर ठीक होतं. पण पेशंटचा भाऊ हातातला रिपोर्ट दाखवून विचारायचा, "नॉर्मल आहे म्हणजे काळजी नाही ना?" आणि ही भर व्हरांड्यात म्हणायची, "एमो." मी त्या माणसाची अर्धा तास समजूत घालून त्याला शांत केलेलं असायचं. मला तिचा अस्सा राग यायचा!

आता त्या निळ्या नळीबद्दल थोडं सांगायला हवं. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तिचा तुकडा सुटतो आणि फुप्फुसात जाऊन अडकतो. माणूस धापा टाकतो, श्वास घेताना छातीत टोचतं, कधी उभ्या उभ्या जातो. अंगात गुठळी झाली की शरीर ती विरघळवायला लागतं आणि तिचा चुरा रक्तात उतरतो. तो चुरा मोजायची चाचणी म्हणजे डी-डायमर. चुरा अगदी कमी असला आणि डॉक्टरलाही फारसा संशय नसला, तर गुठळी नाही असं धरून चालता येतं. चुरा जास्त असला तर मात्र काहीच नक्की सांगता येत नाही. तापात वाढतो, बाळंतपणात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, वयानंही वाढतो. अक्का हे सगळं एका वाक्यात सांगायची. "ही चाचणी न्हाय म्हणायला हुशार आन व्हय म्हणायला अडाणी."

करोनात डी-डायमर हा शब्द पानटपरीपर्यंत पोचला. त्यानंतरची गोष्ट. पंढरपूरचे एक लॉजमालक गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले असताना पोराच्या आधारानं लंगडत आमच्याकडे आले. तपासण्यांच्या कुठल्याशा पॅकेजमध्ये ही चाचणी करून घेतली होती, आकडा नॉर्मलच्या दुपटीच्या वर होता. मोबाइलवर काय काय वाचून त्यांनी मृत्युपत्राचा मसुदाच सोबत आणलेला. नेमकी अक्का खाली आली होती. तिनं कागद बघितला, गुडघा बघितला. "गुडघा कापला तर चुरा पडणारच की वो काका. सुतार काम करून गेला की भुसा राहतो का न्हाय?" काका जरा सावरले. "म्हणजे मला काही नाही?" अक्का म्हणाली, "एमो. डॉक्टर पाय बघतील, छाती बघतील, मग सांगतील. तवर त्या मृत्युपत्राची घडी करून ठेवा." काका हसावं की रडावं अशा तोंडानं माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही निघालं नाही. जाताना त्यांनी अक्काला लॉजवर राहायला यायचं आमंत्रण दिलं.

उलटंही व्हायचं. पायाला महिनाभर प्लास्टर, पोटरी सुजलेली, ओठ काळेनिळे पडलेले, असा एक सांगोल्याचा डाळिंबवाला आला. आमच्या नव्या डॉक्टरनं घाईत हीच चाचणी लिहिली. अक्कानं वरून फोन केला, "हे माझ्या मशीनचं काम न्हाय. एवढं समोर दिसतंय तर सरळ स्कॅनला न्या. माझा आकडा उद्या चांगला आला तर तुमी घरी पाठवाल त्याला." तो नवा डॉक्टर संतापला. टेक्निशियन बाई मला शिकवणार! पण स्कॅनला नेलं आणि दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या.

सगळ्यात जास्त डोकं उठवायचा तो मात्र तिचा दुसरा फोन. डी-डायमर नॉर्मल आला की रिपोर्ट खाली पोचायच्या आत फोन वाजायचा. "पोटरी बघितलं का?" बस, एवढंच. बघितली म्हटलं की ठेवून द्यायची. एकदा ओपीडी तुंबलेली होती. मी तिच्यावर ओरडलो, "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" पलीकडून पुन्हा तेच, "पोटरी बघितलं का?"

हे सगळं कुठून आलं ते मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. ते गफूरभाईंपासून आलं.

गफूरभाई ट्रक चालवायचे. अठ्ठेचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, सुईला मात्र लहान मुलासारखा भिणारा. लांबची फेरी करून आले आणि दोन दिवस श्वास घेताना बरगडीत टोचतंय म्हणून बायकोनं, खैरूननं, ओढत आणलं. ईसीजी चांगला, एक्स-रे चांगला. मला संशय थोडासाच होता, म्हणून डी-डायमर सांगितला. नर्सला शीर सापडेना, तेव्हा अक्काला बोलावलं. एका हातातून अर्धी नळी आली आणि रक्त थांबलं. दुसऱ्या हातातून दुसरी अर्धी. गफूरभाई घामानं डबडबले, तिसऱ्यांदा टोचायचं नाव काढताच पलंगावरून उठायला लागले. अक्का त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बास भाई, झालं. आता न्हाय टोचत."

आकडा आला चारशे ऐंशी. आमच्या मशीनची रेघ पाचशेची, त्याखाली नॉर्मल. मी सुटकेचा निःश्वास टाकला, दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि त्यांना घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते नळावर तोंड धुता धुता कोसळले. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी निघाली. खैरून रडत सांगत होती, "चार दिन से पोटरी दुखती बोल रहे थे, मैं बोली गाडी चलाको दुखती होगी." मी त्यांची पोटरी बघितली नव्हती. विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून अक्काचा फोन सुरू झाला, आणि तो मलाच उद्देशून आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षीच्या ईदेला खैरून शिरखुर्म्याचा डबा घेऊन लॅबमध्ये आली. मी काहीतरी कामानं तिथंच होतो. तिनं अक्काचा हात धरला. "उनकू सुई का भोत डर था बाई. तुम तिसरी बार नै टोचे. आखरी दिनों में किसीने उनकू तकलीफ नै दी, ये मैं भुलती नै." अक्कानं डबा घेतला, तिच्यासमोर दोन चमचे खाल्ले आणि डोळे पुसले. दुसऱ्या ईदेलाही डबा आला. तेव्हा मात्र खैरून जिना उतरताच अक्कानं तो न उघडताच वॉर्डातल्या मावशींकडे दिला. मी चेष्टेनं विचारलं, "काय अक्का, साखर वाढलीय का?" तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती मशीनकडे वळली.

चार दिवसांनी तिनं मला लॅबमध्ये बोलावलं. दार लावलं. खिशातून मशीनच्या दोन चिठ्ठ्या काढल्या. दोन्हींवर तिचंच नाव, तारीख एकच, आकडे मात्र वेगळे.

"दोन्ही रक्त माझंच हाय डॉक्टर. ह्या हाताचं."

मला काही समजेना. मग ती टेबलाभोवती चकरा मारत सांगायला लागली. गफूरभाईंच्या त्या दोन अर्ध्या नळ्या तिनं जोडल्या होत्या. एकीतलं रक्त दुसरीत ओतलं, नळी बरोब्बर रेघेपर्यंत भरली. बघणाऱ्याला काही कळायचं कारण नाही. "आमच्या घरात हेच शिकलो की आमी. मागावर धागा तुटला की जोडायचा, कमी पडला की जोडायचा. गाठ दिसली न्हाय म्हंजे विणकर चांगला. मला वाटलं, माणसाला पुन्ना टोचण्यापरास जोडलेलं काय वाईट?" पण निळ्या नळीच्या तळाशी रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ठरल्या मापाचं. दोन नळ्या जोडल्या की रक्त एका नळीचं आणि औषध दोन नळ्यांचं. आमटीत पाणी वाढवावं तसं रक्त पातळ होतं आणि आकडा खाली येतो. हे तिला कळलं ते वर्षभरानं, मशीनच्या कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा. तो सहज बोलून गेला, बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. अक्का मात्र त्याच दुपारी स्वतःच्या हातातून रक्त काढून बसली. एक नळी पूर्ण भरलेली, एक दोन अर्ध्यांची जोडलेली. जोडलेलीचा आकडा कमी आला.

"भाईंचा आकडा खरं तर रेघेच्या वर असणार. तुमी स्कॅन केला असता."

मी म्हणालो, "असेल, नसेल. इतक्या काठावरच्या आकड्यावर मीच विसंबायला नको होतं. पाय मी बघितला नाही. घरी मी पाठवलं."

"तुमचं तुमी बघा. मला त्या बाईला सांगायचंय." ती थांबली. "दर सालाला येती. टोचलं न्हाय म्हणून माजे उपकार मानती. मला तो खुर्मा गिळत न्हाय वो."

मी तिला परावृत्त केलं. आता सांगून काय मिळणार, त्या बाईचं उरलंसुरलं समाधानही जाईल, उगाच हॉस्पिटलला त्रास, वगैरे. सगळं समजूतदारपणाचं बोललो. खरं कारण एवढंच की ती बोलली असती तर मलाही बोलावं लागलं असतं, आणि माझी तयारी नव्हती. आज हे लिहितानाही लाज वाटते. अक्का वर्षभर गप्प राहिली. त्या वर्षात ती जिन्यावरून इतक्या वेळा खाली-वर झाली की चपलांचे दोन जोड झिजले. नर्सेस रडायला लागल्या त्याही कंपनीचा माणूस येऊन गेल्यापासून, हे मला तेव्हा उमगलं. गोडीनं लई केलं, आता बास.

तिसऱ्या ईदेला खैरून डबा घेऊन आली आणि आमच्या कॅज्युअल्टीसमोरच्या बाकावर तिला अक्का भेटली. मी दारात होतो. अक्कानं बाकावर तिच्याशेजारी डबा ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नळी, जोडलेलं रक्त, औषध, आकडा. एकही शब्द गाळला नाही. मराठीतच सांगितलं, सावकाश, समोरचीला कळतंय ना ते बघत. खैरून ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं, "मतलब, तिसरी बार टोचते तो बचते थे?"

"एमो," अक्का म्हणाली. मग मराठीत, "म्हाईत न्हाय बाई."

पुढं होऊन माझा वाटा सांगायची ती वेळ होती. मी दारातच उभा राहिलो. खैरूननं डबा उचलला, पिशवीत घातला आणि निघून गेली.

पुढची ईद आली, गेली. डबा आला नाही. त्याच्या पुढचीही तशीच गेली. तक्रारही आली नाही, भांडणही नाही. अक्का ईदेच्या दिवशी दिवसभर जिन्याकडे बघायची आणि मग कुणावर तरी रेघेवरून खेकसायची. मी एकदा म्हणालो, "सांगितलंत ना? आता सोडा." ती म्हणाली, "सांगून माझं वजन तिच्या डोक्यावर ठेवलं डॉक्टर. ती कुटं ठेवील?"

आता अक्का निवृत्त होऊन तेलंगणात मुलीकडे राहते. नॉर्मल रिपोर्ट आला की अजूनही माझा हात फोनकडे जातो, आता वाजेल म्हणून. तिची आठवण काढली की मला मात्र तिच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यातली एक दुपार दिसते.

खैरून आली होती. आठवडाभर खोकला, श्वास घेताना छातीत टोचतंय. बरोबर जाऊबाई. मी तपासलं. मग खाली वाकून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, टेप लावून मोजल्या. मोजता मोजता, मान वर न करता म्हणालो, "खैरूनबी, उस दिन ये देखना था. मैंने नहीं देखा."

"मालूम है," ती म्हणाली. "बाई बोली तब तुम दरवाजे में खडे थे."

संशय थोडासाच होता. मी डी-डायमर लिहिला. नर्सनं दोनदा प्रयत्न केला, शीर सापडेना. मी काही म्हणायच्या आत तिनं वर फोन लावला होता.

अक्का आली आणि पडद्याशी थबकली. खैरूननं तोंड भिंतीकडे वळवलं, पण हात तसाच पसरलेला ठेवला. अक्कानं शीर चाचपली, सुई घातली. अर्धी नळी आली आणि रक्त थांबलं. तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि ती अर्धी नळी खैरूनला दिसेल अशी वर धरून कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली.

"बाई," ती म्हणाली, "ही अर्धी हाय. पुन्ना टोचावं लागंल."

खैरूननं मान वळवली. लाल डब्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. आणि दुसऱ्या हाताची बाही कोपराच्या वर सारली.

"टोचो. लकीर तक भरो."

या वेळी नळी भरली. अक्कानं ती खिडकीकडे धरली, डोळा बारीक केला, खैरूनलाही दाखवली आणि कुणाच्या हाती न देता स्वतः घेऊन जिना चढली. पाऊण तास मीच व्हरांड्यात चकरा मारत होतो. पेशंट बघत होतो पण लक्ष जिन्याकडे. चपलांचा आवाज आला तसा मी पुढं झालो. तिनं कागद माझ्या हातात दिला. आकडा रेघेच्या पुष्कळ खाली होता. संशय मुळात कमी, दोन्ही पाय चांगले, त्यात हा आकडा. खोकल्यानं बरगडीचे स्नायू दुखावले असणार.

खैरून उठून बसली. मला सोडून तिनं अक्काला विचारलं, "गुठळी है क्या, बाई?"

मी अक्काच्या तोंडाकडे बघत होतो. आता ती काय म्हणणार ते मला पाठ होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, दोन्ही पोटऱ्या बघितल्यात म्हणून.

"न्हाय," अक्का म्हणाली.

मग भिंतीजवळचं स्टूल ओढून ती पलंगाशेजारी बसली.